न चाखलेलं तीर्थ

गांधी टोपीवाली मुलं नानांच्या दारूच्या कारखान्यापुढे धरणं धरून बसली, त्या दिवशी त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं घोषणा देणारा माणूस म्हणजे खुद्द नाना. यावलहून पायी आलेली ती मुलं उन्हानं लालबुंद झाली होती. नानांनी आधी त्यांना ताक पाजलं, मग द्राक्षांची टोपली पुढे ठेवली आणि मग स्वतःच धोतर आवरून त्यांच्या रांगेत मांडी घातली.

"दारू मुर्दाबाद!" नाना गरजले.

मुलांचा पुढारी गोंधळला. "नाना, पण कारखाना तर तुमचाच आहे ना?"

"माझाच हाये. म्हनून काय झालं?" नानांनी गळ्यातली माळ दाखवली. "गयात तुयशीची माय हाये माझ्या. दारूच्या तर मी तुमच्याआधीपासून विरुद्ध हाये, बापा."

"मग आत पिंपांत काय आहे?"

"तीर्थ," नाना म्हणाले. "साहेबाच्या देवाचं."

मुलं संध्याकाळी टोपली रिकामी करून परत गेली. नाना म्हणाले, "पोरं गुनी हायेत, पन घसा कच्चा हाये."

नानांचा द्राक्षमळा सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलपासून बैलगाडीच्या अंतरावर होता. आजूबाजूला नजर जाईल तिथवर केळी. त्या केळीच्या समुद्रात नानांनी द्राक्षं कशी आणली याचीही एक गोष्ट आहे. माणसं नाशिकला जातात आणि तांब्यात गंगेचं पाणी घेऊन येतात. नाना गेले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून वेलाच्या काड्या घेऊन आले. मोठ्या वहिनींनी दारातच विचारलं, "गंगा कुठी हाये?" नाना म्हणाले, "गोनपाटात मुरेल हाये."

या मोठ्या वहिनी म्हणजे नानांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या पत्नी. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. नाना घरातले कर्ते असले तरी अक्कांच्या तोंडापुढे त्यांचं काही चालत नसे.

वेल चढवायला नानांनी पांगारे लावले. प्रत्येक वेलाला ते 'पाहुणे' म्हणत, कारण त्यांच्या मते द्राक्षाचा वेल आणि जावई यांत काही फरक नाही. "दुसऱ्याच्या आधारानं उभा राह्यतो, पयली दोन-तीन सालं नुसता खातो, जरा काही कमी पडलं का तोंड वाकडं. अन् केय?" ते भोवतालच्या केळीकडे बोट दाखवत. "केय म्हंजे घरची लेक. बिचारी कोपऱ्यात उभी राहून देत राह्यते." सकाळी मळ्यात फेरी मारताना एखादा वेल रुसलेला दिसला की नाना त्याच्यासमोर हात जोडत. "पाहुने, काही चुकलं का आमचं?"

द्राक्षं आली ती एकदम आली आणि मुंबईला पाठवली ती भुसावळच्या फलाटावरच टोपल्यांतून गळायला लागली. तिथे त्या गळणाऱ्या रसाकडे पाहत एक गोवेकर पाद्री उभे होते. त्यांच्या देवळाला पूजेसाठी शुद्ध द्राक्षाची वाइन लागत असे, ती बोटीनं परदेशाहून यायची आणि वेळेवर कधीच यायची नाही. पाद्रीबाबांनी वाइन कशी करतात ते फलाटावरच सांगितलं. नानांनी एकच प्रश्न विचारला, "देवापुढे ठेवतात का?" पाद्री म्हणाले, "देवापुढेच." झालं. सरकारी परवाना निघाला, मुंबईहून जुनी लाकडी पिंपं आली, मळ्याशेजारीच पांढऱ्या मातीत तळघर खोदलं गेलं. त्या तळघरात नाना जोडे काढून जात. पुढे पाद्रीबाबांच्या ओळखीनं दूरदूरच्या देवळांच्या मागण्या आल्या आणि धंदा खरंच धंद्यासारखा चालू लागला.

अडचण एकच होती. द्राक्षं पायांनी तुडवायची. आणि खाण्याच्या वस्तूला पाय लावायला गावात एक माणूस तयार होईना. मजूर म्हणाले, नाना, पाप लागेल. नाना दोन दिवस ओसरीवर विचार करत बसले आणि तिसऱ्या दिवशी उठले ते टाळी वाजवतच.

"अन्नाले पाय लावनं पाप," ते म्हणाले, "पन भाचीचा पाय हा पायच नसतो!"

आमच्या खानदेशात मामा भाचीच्या पाया पडतो. वयानं पोर असली तरी पडतो. मग तीर्थ करायचं तर त्याला भाचीचे पाय लागले तर बाटेल कसं? नानांना बहिणी पाच. भाच्यांची फौज होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या सगळ्या आपापल्या आयांबरोबर आजोळी येत. पण द्राक्षं त्याआधीच पिकून जायची. म्हणून नानांनी छाटणीच मागे ढकलली. नाशिककडची माणसं हसली. नाना म्हणाले, "पाहुन्यायनं आखाजीलेच याचं असते. आधी येऊन काय करतील?" आणि वेलांनी ऐकलं, खरंच ऐकलं. भर उन्हाळ्यात, निंबाला झोके बांधले जात तेव्हा घड तयार असत.

ते दृश्य मी विसरलेलो नाही. दगडी हौदाशी नाना स्वतः परात घेऊन बसायचे. एकेका भाचीचे पाय धुवायचे, पुसायचे, पाया पडायचे आणि मग ती खिदळत हौदात उतरायची. हौदातलं काम संपेपर्यंत मेंदी लावायला बंदी. "मामा, आमची आखाजी कोरडीच का?" असा गिल्ला व्हायचा. नाना म्हणायचे, "कोरडी कुठी? गुडघ्यापोत रस हाये!"

आता मी. मला सगळे 'मास्तर' म्हणत, पण मी मास्तर नव्हतो. पुण्याला जाऊन विज्ञानात इंटरला नापास झालेला, डोळ्यांवर चष्मा असलेला धुळ्याचा एक बेकार तरुण होतो. नानांनी मला कारखान्याचा रसायनतज्ज्ञ म्हणून ठेवलं ते बहुधा चष्म्यामुळेच. माझी मुलाखत मळ्यातच झाली.

"मास्तर, मी मायकरी मानूस. मले चाखता येत नही. घरातलं कोनी चाखनार नही. ते पाप तुम्ही घ्यान का?"

मी हो म्हणालो. आणि इथेच सगळी मेख आहे. कारण पुण्याला जाण्यापूर्वी आईनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती, थेंब तोंडात घेणार नाहीस म्हणून. ती शपथ मी पाळत होतो. नोकरीही हवी होती. मला वाटलं, वासावरून जमेल.

तर आमचा कारखाना असा. मालक चाखत नाही, मजूर चाखत नाहीत आणि ज्याला चाखायला ठेवलाय तोही चाखत नाही. नानांना कुणी यावरून छेडलं की ते म्हणत, "हलवायानं आपली जिलबी खाल्लीच पाह्यजे का?"

माझं सोंग निभलं ते नानांच्या भलेपणामुळे. मी पिंपातून पेलाभर काढला की नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहत. माझ्या पापाकडे पाहून मला लाजवू नये म्हणून. आणि त्यांची पाठ फिरली की मी पेला पायाखालच्या वाळूत ओतत असे. मग घसा खाकरून म्हणत असे, "उत्तम." नाना भिंतीलाच सांगत, "देवाची किरपा."

काही वर्षं देवाची कृपा खरंच होती. वासानं भागत होतं. मग एका आखाजीनंतर, रस पिंपांत भरून झाल्यावर, धुळ्याहून आईचा निरोप आला की मुलगी पाहायला ये. मी पिंपांचा वास घेत होतो, बुचं काढलेली होती आणि तेवढ्यात सर्व्हिस मोटारीचा भोंगा ऐकू आला. मी धावलो. दोन दिवसांसाठी गेलो होतो. मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली, मग आठवडा गेला. परत आलो तर मोठ्या पिंपांच्या तोंडांवर चिलटांचे ढग नाचत होते आणि आतून नाक झोंबणारा दर्प येत होता. मी बुचं ठोकून बसवली, चिलटं धोतरानं हाकलली.

नाना तळघरात आले. "कसं हाये, मास्तर?" आणि भिंतीकडे वळले.

पेला वाळूत गेला. "उत्तम," मी म्हणालो.

याची शिक्षा मला झाली असती तर हे लिहायची पाळी आली नसती.

दिवाळीला भाच्या पुन्हा आजोळी आल्या होत्या. त्याच वेळी भुसावळहून पाद्रीबाबा स्वतः आले, काखेत बाटली घेऊन. ओसरीवर टेकले, गूळपाणी घेतलं आणि मग हळूच म्हणाले, "नाना, आमच्या देवाला क्रूसावर असताना कोणीतरी आंब, म्हणजे आंबलेली वाइन, पाजली होती. ते शास्त्रात आहे. पण दर रविवारी नको."

नानांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम एवढासा झाला. देवाच्या पूजेत आपण आंबलेलं दिलं, हे त्यांना धंद्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी पाद्रीबाबांचे पाय धरले. पाद्रीबाबा बिचारे संकोचून उठले आणि "पुढच्या साली पाहू" म्हणत मोटारीकडे गेले.

मग अंगणात कारणांचा शोध सुरू झाला. आणि अक्कांना तो लगेच लागला.

"मी म्हनत व्हती," त्या चुलीपाशी बसल्याबसल्या म्हणाल्या. "ऐकते कोन? भागीले उतरू देऊ नका हौदात. कपायाचं कुंकू पुसून चार महिने नही झाले व्हते पोरीचे, अन् तिले सवाष्णींच्या संगे नाचवली. आंबनारच."

भागी ही नानांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आदल्या हिवाळ्यात तिचा नवरा तापानं गेला होता. आखाजीला ती येईना, तर नाना स्वतः छकडा घेऊन तिच्या सासरी गेले होते आणि इतर भाच्यांइतक्याच प्रेमानं त्यांनी तिचे पाय धुतले होते. आता ती ओसरीच्या खांबाशी, करंज्यांच्या ताटासमोर बसली होती. हातातली करंजी तिनं हळूच खाली ठेवली.

"वहिनी!" नाना ओरडले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचं शास्तर काय म्हनते?"

सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. भागीसुद्धा. मला एवढंच म्हणायचं होतं की बुचं मी उघडी टाकली होती. लग्न ठरलेलं होतं, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. मी चष्मा पुसला.

"उन्हाळा कडक होता, नाना."

"उन्हाया का यंदाच आला?" अक्का म्हणाल्या. "दरसाल उन्हायाच राह्यते."

माझं ते उत्तर गप्प राहण्यापेक्षा वाईट ठरलं. शास्त्रालाही कारण सापडत नाही म्हटल्यावर अक्कांचं कारण पक्कं झालं. भागी उठली, गाठोडं बांधलं आणि भाऊबीजेच्या आधीच सासरी निघून गेली.

पुढची आखाजी आली. नानांनी पुन्हा छकडा जोडला. भागी आली, पण हौदापासून दूर, निंबाखाली उभी राहिली. "मामा, मी पाहून घेईन इथूनच. पाय नही टाकनार."

"मंग कोनीच नही टाकनार," नाना म्हणाले आणि परात पालथी घालून तिच्यावर बसले.

घड उन्हात मऊ पडत होते. गांधीलमाश्या घोंगावत होत्या. वर्षभराचं पीक हौदाच्या काठाशी टोपल्यांत होतं. इतर भाच्या धुतलेल्या पायांनी दगडावर उभ्या, चटके बसताहेत म्हणून नाचताहेत. अक्का म्हणाल्या, "पीक सडवता का एका पोरीच्यापायी?" नाना म्हणाले, "सडू द्या. पाहुने पुढच्या साली परत येतील. भाची नही येनार."

दुपार कलायला लागली. शेवटी भागीच रडकुंडीला येऊन जवळ आली. "मामा, पुन्हा आंबलं तं?"

नाना उठले. परात सरळ केली. तिचा हात धरून तिला दगडावर बसवलं आणि तिचे पाय धुतले. नेहमीसारखेच. मग ती परात त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्या गावासमोर त्यातलं पाणी घटाघटा प्यायले.

नानांनी मिशा पुसल्या, जीभ टाळूवर वाजवली आणि एखाद्या जाणकारासारखे आभाळाकडे पाहून म्हणाले, "मले त्या पिंपातलं काही समजत नही. पन हे मी चाखलं. गोड हाये."

आधी भागीच हसली, रडतारडता. मग सगळ्या. ती हौदात उतरली तेव्हा नानांनी ठेका धरला.

ती बुचं मी त्या वर्षी अशी ठोकली की काढताना पहार लागली. पाद्रीबाबांचा निरोप आला की इतकी चांगली वाइन कधी मिळाली नव्हती. नाना गावभर साखर वाटत फिरले. आणि गावानं काय म्हणावं? "दोष निघाला." नानांनी पाणी प्यायलं म्हणून भागीच्या पायातला दोष गेला. म्हणजे दोष होता.

नानांनी जे मायेनं केलं, त्याचा दरसालचा विधी झाला. हौद भरला की अक्का आठवण करायच्या, "भागीचं पानी प्याले का? नही तं आंबीन." नाना हसत प्यायचे. त्यांना त्यातला काटा कधी दिसला नाही. माणूस तसाच होता, दुसऱ्याच्या मनात खोट असेल हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसे. भागी मात्र दरवर्षी परातीकडे न पाहता पाय पुढे करायची. आणि मी कोपऱ्यात चष्मा पुसायचो.

नाना गेले ते फाल्गुनात. मळ्यातल्या फेरीवर असताना एका वेलापुढे हात जोडले आणि तिथेच बसले. माळ शेवटपर्यंत गळ्यात होती. आपल्या पिंपांतला एक थेंब त्यांनी कधी चाखला नाही. दारूबंदीचे वारे वाहत होते, परवाना पुढे मिळाला नाही, पुतण्यांनी वेल काढून केळी लावली. मी चाळीसगावला एका सरकी काढण्याच्या गिरणीत लागलो. संसार झाला, केस पिकले. आणि कानावर येत राहिलं की भागी आता आखाजीला येत नाही. तिचं पाणी प्यायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे तिच्या पायांची सगळ्यांना धास्ती होती.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी माझी भाची घरी आली. मी वाकून तिच्या पाया पडलो आणि मला वर उठवेना. तिला वाटलं, मामाची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो.

भागी तिच्या सासरी, तापीकाठी, अंगणात शेवया वाळत घालत होती. दिराच्या मुलांचं सगळं घर तीच चालवते असं दिसलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बुचं, चिलटं, वाळूत ओतलेले पेले. तिनं हातातली काडी खाली ठेवली नाही.

"झालं सांगून?" ती म्हणाली.

"हो."

"मले काहून सांगता, मास्तर? माझ्या पायानं आंबलं असं मी कवा म्हनलं? मले माहीत व्हतं माझे पाय कसे हायेत. ज्यायनं म्हनलं त्यायले सांगा."

आणि तिनं पुतण्याला छकडा जोडायला लावला.

आजोळच्या अंगणात निंबाला झोका होता. माहेरवाशिणी जमल्या होत्या. अक्का खाटेवर होत्या, पार वाळलेल्या, आणि कानांनी ठार बहिऱ्या. भागीनं मला त्यांच्यासमोर उभं केलं.

"अक्का, ती वाइन माझ्यामुळे आंबली होती," मी म्हणालो.

"आं?"

"बुचं मी उघडी टाकली होती!"

"जोरानं बोल बापा, घशात काय झालं?"

जी गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, ती मी आखाजीच्या भर दुपारी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोंबलून सांगितली. "बुचं मी उघडी टाकून धुळ्याला पळालो होतो! भागीच्या पायाचा काही संबंध नव्हता! कधीच नव्हता!" झोके थांबले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. एक कुत्रं भुंकायला लागलं.

अक्कांना आता मात्र ऐकू गेलं.

"मंग इतली सालं," त्या म्हणाल्या, "तुह्या तोंडाले कोनी बूच मारेल व्हतं का?"

अंगण हसत सुटलं. मीही हसलो असतो, पण मला जमलं नाही.

हसू ओसरल्यावर अक्का खाटेवरून खाली सरकल्या. दोघींनी धरायला हात पुढे केले तर त्यांनी झटकले. "भागे, बस त्या झोक्यावर."

"मामी, कपायी कुंकू नही, मी कशी बसू झोक्यावर?"

"बस म्हनते ना. माझे गुडघे वाकत नही. तुह्या पायायलेच वर या लागीन."

भागी झोक्याच्या पाटावर बसली. अक्कांनी परात आणि पाण्याचा तांब्या मागवला, परात तिच्या पायांखाली धरली आणि मान न वळवता हात मागे करून तांब्या माझ्याकडे दिला.

"ओत, मास्तर."

मी ओतायला लागलो. अर्धं पाणी अक्कांच्या लुगड्यावर गेलं.

"हयू, मास्तर," भागी वरून म्हणाली. "सांडवू नका. मामीले प्याचं हाये."